बाई, सुपर बटण कुठे आहे?

गणपतीत आमच्याकडे सगळे जमले होते. माझा पुण्याचा भाचा दिवसा संगणकाची नोकरी करतो आणि रात्री जागून ओपन सोर्सचं काम करतो, म्हणजे पगाराशिवाय. मला त्याचं कौतुक आहे, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याच्यावर बरंच तोंडसुख घेणार आहे. जेवताना कुणीतरी विचारलं, की तुमच्या या फुकटच्या सॉफ्टवेअरची माहिती कुठे नीट लिहिलेली का नसते रे? तर चिरंजीव म्हणाले, "डॉक्युमेंटेशन काय, कोणीही लिहील. कोड लिहायला माणसं मिळत नाहीत, हा खरा प्रॉब्लेम आहे."

मी त्याच्या पानात मोदकावर तूप वाढत होते, म्हणून गप्प बसले. आता गप्प बसायचं काही कारण उरलेलं नाही.

कोणीही लिहील! चौतीस वर्षं मराठी आणि भूगोल शिकवलेल्या बाईसमोर हे बोलायचं म्हणजे धाडसच. "शाळेत काय, कोणीही शिकवील" हे वाक्य आम्ही शिक्षकांनी जन्मभर ऐकलेलं आहे. आणि असं म्हणणाऱ्याला आठवीच्या वर्गावर चाळीस मिनिटं उभं केलं की काय होतं, तेही पाहिलेलं आहे.

आमच्या नातेवाईक वाचकांसाठी दोन वाक्यांत सांगते. ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याची मूळ संहिता सगळ्यांसाठी खुली असते. कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. यातल्याच मुक्त सॉफ्टवेअर म्हणवणाऱ्या पंथाने चार स्वातंत्र्यं सांगितली आहेत आणि त्यांची मोजणी शून्यापासून सुरू होते (ही मंडळी सगळंच शून्यापासून मोजतात). त्यातलं एक स्वातंत्र्य आहे अभ्यास करण्याचं. फार मोठी गोष्ट आहे ही. पण ज्याला संहिता वाचता येत नाही, त्याने अभ्यास करायचा तो कशाचा? लिहिलेल्या माहितीचाच ना? ती धड नसेल, तर त्या स्वातंत्र्याचं त्याने काय लोणचं घालायचं?

हे मी हवेत बोलत नाही. २०२२ साली आमच्या वाचनालयाला तीन जुने संगणक देणगी मिळाले. त्यांत विंडोज नव्हतं. याच भाच्याने येऊन त्यांवर लिनक्स घातलं, चहा घेतला आणि रात्रीच्या गाडीने परत गेला. जाताना म्हणाला, "सगळं साइटवर लिहिलेलं आहे, वाचा म्हणजे झालं." काम काय, तर पुस्तकांची यादी मराठीत टंकायची. ग्रंथपाल ताई हुशार, एम.ए. झालेल्या. त्यांनी पान उघडलं. त्यावर होतं, की मराठी कीबोर्ड सुरू करण्यासाठी 'फक्त' सुपर आणि स्पेस दाबा.

ताईंनी कीबोर्डवरची सगळी बटणं एकेक करून वाचली. सुपर असं लिहिलेलं एकही बटण नव्हतं. मग त्यांनी एस, यू, पी, ई, आर अशी अक्षरं ओळीने दाबून पाहिली. दुसऱ्या दिवशी मला फोन, "बाई, सुपर बटण कुठे आहे? आपल्या कीबोर्डला नसतं का?"

मंडळी, सुपर बटण म्हणजे डावीकडे खाली ऑल्टच्या शेजारी खिडकीचं चित्र असलेलं बटण. विंडोजचं चित्र असल्यामुळे लिनक्सवाले त्याला विंडोज म्हणत नाहीत. त्यांचा स्वाभिमान मला मान्य आहे, पण तो ताईंना कळायचा कसा? बरं, हे लिहिता येत नाही असंही नाही. ग्नोम या प्रकल्पाच्या मदतपानांवर सुपर बटण कुठे असतं, त्यावर बहुधा कसलं चित्र असतं, हे सरळ सांगितलेलं आहे. दोन वाक्यांचं काम आहे. पण आमच्या वितरणाचं पान लिहिणाऱ्याला ती दोन वाक्यं लिहावीशी वाटली नाहीत, कारण त्याला ते बटण कधी शोधावंच लागलं नव्हतं.

पुढचं ऐका. मराठी सुरू करायला एक आज्ञा टंकायला सांगितली होती. तिच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह छापलेलं. ते चिन्ह टंकायचं नसतं, संगणक तयार असल्याची ती खूण असते. ताईंनी टंकलं. संगणक म्हणाला, अशी आज्ञा सापडत नाही. ते सुधारल्यावर पासवर्ड मागितला. ताई पासवर्ड टाकतायत आणि पडद्यावर काहीच उमटत नाही, ना अक्षर ना टिंब. सुरक्षिततेसाठी मुद्दाम तसं ठेवलेलं होतं. ताईंना वाटलं कीबोर्ड बिघडला. त्यांनी तो उलटा करून झटकला, मग शिपायाकडून पुसून घेतला. पानावर याबद्दल चकार शब्द नव्हता. होता तो एकच शब्द, पुन्हा पुन्हा: 'फक्त'. फक्त हे करा, सहज ते करा. हा 'फक्त' काय करतो माहीत आहे? ज्याला जमतं त्याला तो दिसतच नाही आणि ज्याला जमत नाही त्याच्या तो थोबाडीत मारतो.

आम्ही डी.एड.ला असताना पाठाचं टाचण काढायचो. हेतू, विषयविवेचन, फलकलेखन, गृहपाठ असे रकाने असायचे. पण त्या सगळ्यांच्या आधी एक रकाना असायचा: पूर्वज्ञान. विद्यार्थ्याला आधीपासून काय येतं हे तिथे लिहायचं, आणि वर्गात गेल्यावर पहिली पाच मिनिटं प्रश्न विचारून ते खरोखर येतं का हे तपासायचं. न तपासता शिकवायला सुरुवात केली, की मागच्या बाकावर बसलेले निरीक्षक तिथेच लाल खूण करायचे. आम्ही तेव्हा त्या रकान्याला कंटाळायचो. पण या सॉफ्टवेअरच्या माहितीत नेमका तोच रकाना गळलेला असतो. वाचणाऱ्याला काय येतं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं. न ठरवता लिहिलं, की आपोआप ते आपल्यासारख्याच माणसासाठी लिहिलं जातं.

कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. ते घरोघर का गेलं याची कारणं बरीच असतील, पण एक मला पक्कं माहीत आहे. त्यात मापं वाटीची आणि चमच्याची होती. नव्या नवरीच्या हाताशी तराजू नसतो, वाटी असते. वाचणारीच्या हातात काय आहे, तिथून बाईंनी सुरुवात केली. हे 'कोणीही' करू शकत होतं, तर आधी कुणी इतक्या नेटकेपणाने का केलं नाही बरं?

भाचा आता म्हणेल, मावशी, आमच्याकडे हजारो पानांची माहिती आहे. आहे ना! पण ती कसली? युनिक्सची पहिली माहितीपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची, केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांची. मला ती पुस्तिका मनापासून आवडते. प्रत्येक आज्ञेला ठरावीक मथळे: नाव, वापरायची रीत, वर्णन, आणि शेवटी चक्क 'दोष' असा एक मथळा. म्हणजे आमच्या या आज्ञेत काय चुकतं ते आम्हीच लिहून ठेवतो. त्याखाली ती आज्ञा कुणाची तेही लिहिलेलं. इतका प्रामाणिकपणा आमच्या पाठ्यपुस्तकांतही सापडायचा नाही. पण ती पुस्तिका प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांसाठी होती. लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं पूर्वज्ञान सारखंच. तो कोश होता. मोल्सवर्थचा कोश कितीही थोर असला, तरी पहिलीतल्या पोराच्या हातात तो देऊन "घे, मराठी शीक" असं कुणी म्हणत नाही. त्याला अंकलिपी देतात.

डॅनिएले प्रोसिडा नावाच्या गृहस्थांनी हे फार चांगलं मांडलेलं आहे. ते माहितीचे चार प्रकार सांगतात: हाताला धरून शिकवणारा पाठ, नेमकं एखादं काम कसं करायचं याची कृती, सगळे तपशील देणारा संदर्भ, आणि हे असं का आहे याचं विवेचन. चारही वेगळे, आणि एकात दुसरं मिसळलं की दोन्ही बिघडतात. वाचल्यावर मला हसू आलं. अंकलिपी, पाककृती, कोश आणि निबंध! आमच्या कपाटात हे चारही वेगवेगळ्या फळ्यांवर असतात. ओपन सोर्सवाले बहुतेक वेळा कोश लिहितात आणि मग लोक शिकत कसे नाहीत म्हणून चिडतात. चिडले की इंग्रजीत चार अक्षरं फेकतात, ज्यांचा सभ्य अर्थ 'आधी माहितीपुस्तिका वाच' असा आहे. तिसऱ्या अक्षराचा अर्थ मी इथे देत नाही.

आणि हे मी एकटी म्हातारी बडबडते असं समजू नका. २०१७ साली गिटहबने ओपन सोर्स वापरणाऱ्या आणि लिहिणाऱ्या लोकांची पाहणी केली होती. अपुरी किंवा कालबाह्य माहिती ही अडचण आम्हाला दिसते, असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. आणि काम करणाऱ्यांपैकी ६० टक्के म्हणाले, की आम्ही माहिती लिहिण्यात क्वचित किंवा कधीच भाग घेत नाही. म्हणजे आजार सगळ्यांना दिसतोय आणि औषध आणायला कुणी उठत नाही. खुद्द रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९०च्या दशकातच लेख लिहून सांगितलं होतं, की मुक्त प्रणालींतली सगळ्यात मोठी उणीव सॉफ्टवेअरमध्ये नसून चांगल्या, मुक्त माहितीपुस्तिका नाहीत ही आहे. या चळवळीच्या आद्य पुरुषाचं तरी ऐका! उलट ओपनबीएसडी या प्रकल्पाची मंडळी माहितीतली चूक ही सॉफ्टवेअरमधल्या चुकीइतकीच गंभीर धरतात. त्यांचीही माणसं पगाराशिवायच राबतात की.

आता भाच्याचा हुकमी एक्का. "मावशी, फुकट मिळतंय ना? धर्माची गाय आणि दात का नाहीत म्हणून काय विचारतेस?"

बाळा, दात मी मोजत नाहीये. गाय उत्तम आहे, दूधही भरपूर देते. पण दावं कुठे आहे आणि ती कुठल्या बाजूने लाथ मारते एवढं तरी सांगशील की नाही? दुसऱ्याच्या दारात गाय बांधून रात्रीच्या गाडीने निघून जायचं, याला दानधर्म म्हणत नाहीत.

"सॉफ्टवेअर सारखं बदलतं, लिहिलेलं जुनं होतं." होतं ना. अभ्यासक्रम बदलला की आम्हीही टाचणं नव्याने काढायचो. बदल ज्याने केला त्यानेच त्याच दिवशी पानही बदलायचं, एवढा नियम केला तरी निम्मं काम होईल. "व्हिडिओ बघा." बघितले. चौदा मिनिटांच्या व्हिडिओत पहिली दोन मिनिटं गृहस्थ स्वतःची ओळख करून देतात, आणि मला हवं ते बटण ज्या क्षणी दाबतात त्या क्षणी त्यांचा बाण कुठे गेला ते दिसत नाही.

"आता कोण वाचतं? एआयला विचार." हे नातवाचं म्हणणं. मी विचारलं. त्याने मला अत्यंत अदबीने, मुद्देसूद, एका अशा मेनूत जायला सांगितलं जो आमच्या संगणकावर अस्तित्वातच नाही. माझ्या वर्गात अशी मुलं असायची. उत्तर येत नसलं तरी पेपर कोरा सोडायचा नाही, या बाण्याची. आणि हे यंत्र शिकलंय कशावरून? तुम्ही जे लिहून ठेवलंत त्यावरूनच ना? मूळ विहिरीत पाणी नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता ज्या गोष्टीने मी खरी पेटले, ती सांगते. ताईंनी पंधरा दिवसांत सुपर बटण, डॉलर, पासवर्ड हे सगळं पार केलं. यादी सुरू झाली. इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड खरं तर फार शहाण्या माणसांनी आखलेला आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. आठवड्यात हात बसतो. पण एक दिवस पु. ल. देशपांड्यांपाशी गाडी अडली. 'वाऱ्यावरची वरात'. ताई टंकायच्या आणि पडद्यावर यायचं 'वार्यावरची', म्हणजे रफार य च्या डोक्यावर. अर्धा तास झटून त्यांनी तसंच ठेवलं. मग 'दुसऱ्या', 'तिसऱ्या', 'किनाऱ्या' अशी जेवढी नावं आली तेवढी सगळी चुकीची नोंदली गेली. पुढे एका सभासदाने संगणकावर 'वाऱ्यावरची' असं शुद्ध टंकून शोधलं, तर संगणक म्हणाला, असं पुस्तक नाही. पुस्तक समोरच्या कपाटात होतं, दोन प्रतींत!

यावर उपाय काय? शिफ्ट धरून जे दाबायचा, म्हणजे नुक्ता असलेला ऱ येतो. मग डी दाबायचा, तो हलन्त. मग य. एवढंच. मराठीखेरीज हा ऱ्य फारशा कुणाला लागत नाही, म्हणून तो कुणी लिहिलेला नव्हता. आमच्या पानावर तर नव्हताच. मलाही तो शोधायला चार दिवस लागले.

तेव्हा मी ठरवलं, की आपणच लिहू. चार पानं लिहिली, मोठ्या टायपात. मग सराव पाठात करायचे तसं केलं. तीन जणांना एकेक करून बसवलं: नववीतली एक मुलगी, ग्रंथपाल ताई, आणि एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक सभासद. त्यांना गावात सगळे मास्तर म्हणतात आणि मला बाई, त्यामुळे नवख्या माणसाला आम्ही दोघं एकाच शाळेतले वाटतो. मी वही घेऊन मागच्या खुर्चीत बसले आणि तोंड उघडायचं नाही असं ठरवलं. फार अवघड असतं हो ते! माणूस चुकीच्या बटणाकडे बोट नेतोय आणि आपण गप्प बसायचं. पण जिथे बोट थबकलं तिथे कागदात चूक आहे, असं मी वहीत मांडत गेले. सहा वेळा कागद नव्याने लिहिला. संगणकाचं चित्र मी स्वतः काढलं, खिडकीच्या बटणाला लाल वर्तुळ करून. आणि पडद्यावर जो शब्द दिसतो तोच शब्द कागदावर ठेवला. पडद्यावर 'फाइल' असेल तर कागदावर 'फाइल', उगीच 'संचिका' किंवा 'धारिका' नाही. मराठीचा अभिमान मला कमी नाही, पण वाचणारा 'धारिका' शोधत बसला तर तो अभिमान काय कामाचा?

हा कागद मी त्या वितरणाच्या मंडळींना पाठवला. कसलीही अट नाही, नावही घालू नका म्हटलं. सौजन्यपूर्ण उत्तर आलं, की आभारी आहोत, पण कृपया मार्कडाउनमध्ये करून पुल रिक्वेस्टने पाठवा, रीत अमुक पानावर आहे. ते पान उघडलं, तर पहिलीच ओळ: तुम्हाला गिट येतं असं आम्ही गृहीत धरतो. पूर्वज्ञान! पहिल्यांदाच कुणीतरी तो रकाना भरला होता, आणि तो मला बाहेर ठेवण्यासाठी.

शेवटी भाच्याने ते रूपांतर करून पाठवलं. अकरा महिने ते पडून होतं. मग एक अभिप्राय आला, की ओळी ऐंशी अक्षरांपेक्षा लांब आहेत. मजकुराबद्दल एक शब्द नाही. मुलगी कुठे अडली, मास्तर कुठे थबकले, हे विचारणारं कुणी नव्हतं.

तेवढ्यात इकडे वाचनालयाच्या समितीची सभा झाली. "बाई, तुमचं ते फुकटचं सॉफ्टवेअर बाहेरच्या कुणाला वापरता येत नाही" असं म्हणून तीनपैकी दोन संगणकांवर बाजारातल्या एका दुकानातून विंडोज घालून आणलं. पावती मागितली तर दुकानदार हसला म्हणे. स्वातंत्र्याचं सॉफ्टवेअर काढून चोरीचं सॉफ्टवेअर आलं, आणि समितीतल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना तरी काय दोष देऊ?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ साठी जी सुरक्षेची चिप लागते ती जुन्या संगणकांत नसते. म्हणजे किती शाळा, वाचनालयं, पतपेढ्या नाइलाजाने लिनक्सच्या दारात आल्या असतील विचार करा. भाचा म्हणतो, आमची संधी आली! आली आहे खरी. पण दारावर 'फक्त सुपर दाबा' अशी पाटी लावून ठेवलीत, तर आलेली माणसं उंबऱ्यावरूनच परत जातील, आणि आमच्या समितीसारखी त्याच दुकानात जातील.

भाच्याला मी फोनवर एकच गोष्ट मागितली आहे. दिवाळीत येशील तेव्हा अर्धा दिवस वाचनालयात मागच्या खुर्चीवर बस, वही घेऊन, तोंड न उघडता. हो म्हणालाय. बघू या.

तिसरा संगणक अजून लिनक्सवरच आहे. मास्तरांनी तो सोडायला नकार दिला. यादीतले सगळे 'वार्या' त्यांनी शोधून 'वाऱ्या' केले. परवा गेले तर माझा कागद टेबलावर काचेखाली होता, आणि तिसऱ्या पानावर मार्जिनमध्ये शिसपेन्सिलीने लिहिलं होतं: "बाई, नवीन अपडेटमध्ये हे बटण उजवीकडे गेले आहे." खाली तारीख आणि सही. सातव्यांदा लिहायला घेतलाय.